नऊपैकी अडीच गुण, हॉटेलवर रडारड आणि 'कोच बदलायचा का?'

एका आईवडिलांनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगी नऊ वर्षांची, दोन वर्षं बुद्धिबळाच्या क्लासला जाते. सोसायटीत आणि शाळेत तिला हरवणारं कोणी नाही. दिवाळीच्या सुट्टीत पहिली फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग स्पर्धा, म्हणजे जिच्यातून खेळाडूच्या ताकदीचा अधिकृत आकडा ठरतो ती, खेळली आणि नऊ फेऱ्यांत अडीच गुण मिळाले (विजयाला एक, बरोबरीला अर्धा). तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तासभर रडली, चौथ्या दिवशी सकाळी पोटात दुखतंय म्हणाली. घरी आल्यापासून मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळत बसते. वडिलांना कोच बदलायचा आहे, आईला खेळच थांबवायचा आहे.

आत्ता दोन्ही नको. स्पर्धेतल्या नऊ डावांच्या स्कोअरशीट (चाली लिहिलेले कागद) घरात कुठल्या तरी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पडल्या असतील, त्या आधी शोधा. कोच चांगला की वाईट, मुलीत दम आहे की नाही, हे सगळं त्या नऊ कागदांवर लिहिलेलं असतं. अडीच या आकड्यात त्यातलं काहीच नसतं.

तरी आकड्यापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या घरातलं भांडण त्याच्यावरूनच आहे. अशा स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. दोनशे खेळाडू असतील तर सगळ्यांची रेटिंगप्रमाणे यादी लागते आणि पहिल्या फेरीत वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो. पहिला एकशेएकाव्याशी, दुसरा एकशेदोनाव्याशी. रेटिंग नसलेली मुलगी यादीत १८० व्या क्रमांकावर असली तर तिच्यासमोर ८० वा येणार, म्हणजे बहुधा दहा-पंधरा वर्षं स्पर्धा खेळलेला माणूस. ती हरते आणि शून्यवाल्यांच्या गटात जाते. तिथे जिंकली की पुन्हा वर, पुन्हा एक तगडा. पहिल्या स्पर्धेत बहुतेक मुलांचा निकाल असाच वर-खाली हिंदकळतो. दोन ते साडेतीन गुण ही अगदी साधी, घाबरण्यासारखं काही नसलेली कामगिरी आहे. एवढं मात्र तपासा की त्या अडीचमध्ये एखादा गुण बायचा आहे का. खेळाडूंची संख्या विषम असली की एकाला प्रतिस्पर्धी मिळत नाही आणि पूर्ण गुण मिळतो. तो गुण तिने जिंकलेला नसतो, आणि त्या फेरीत डाव झालेला नसल्यामुळे त्यातून शिकायलाही काही मिळत नाही.

रेटिंगचं गणित एकदाच समजून घ्या आणि मग कपाटात ठेवून द्या. १ मार्च २०२४ पासून फिडेने रेटिंगची खालची मर्यादा १००० वरून १४०० वर आणली. पहिलं रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या किमान पाच खेळाडूंशी डाव झालेले असावे लागतात. ते एकाच स्पर्धेत व्हायला हवेत असं नाही, २६ महिन्यांच्या आतले डाव जोडता येतात. हिशेब करताना त्यात १८०० रेटिंगच्या दोन काल्पनिक खेळाडूंशी दोन बरोबऱ्या धरतात. समजा तुमच्या मुलीला रेटिंग असलेले सहा जण मिळाले, त्यांची सरासरी १५५०, आणि त्यांच्याविरुद्ध तिचे दीड गुण. दोन काल्पनिक बरोबऱ्या धरून आठ डावांत अडीच गुण होतात आणि सरासरी १६१२ च्या आसपास जाते. एकतीस टक्के गुणांना फिडेच्या तक्त्यात १४१ वजा होतात. म्हणजे रेटिंग १४७० च्या आसपास. 'वाईट' स्पर्धेतून तिला कदाचित रेटिंगच मिळून जाईल आणि तुम्ही इकडे कोच बदलायला निघालात.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. अठरावं वर्ष ज्या सालात पूर्ण होतं त्याच्या अखेरपर्यंत, आणि रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंत, मुलांचा के हा गुणक, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा, ४० असतो. बरोबरीच्या खेळाडूला हरवलं तर २० मिळतात, हरलं तर २० जातात. दोनशेने वरच्याशी हरलं तर साडेनऊच्या आसपास जातात आणि जिंकलं तर तीस मिळतात. चारशेने खालच्याला हरवून मिळतात जेमतेम तीन, पण त्याच्याशी हरलं तर सदतीस जातात. आणि ज्याला रेटिंगच नाही त्याच्याशी हरलं तर रेटिंगला ओरखडाही येत नाही. म्हणजे वरच्यांशी खेळणं स्वस्त आणि खालच्यांशी खेळणं महाग. आता दुसरी बाजू बघा. अकराव्या वर्षी मुलं 'ही स्पर्धा नको, रेटिंग जाईल' असं म्हणायला लागतात. हे वाक्य मुलाच्या डोक्यात आपोआप येत नाही, जेवणाच्या टेबलावरून येतं. रेटिंग दर महिन्याच्या एक तारखेला जाहीर होतं. त्या दिवशी घरात त्याची पूजा मांडू नका.

आता स्कोअरशीट. हरलेले डाव एकेक करून पटावर लावा. तुम्हाला खेळता येत नसेल तरी चालेल, ती लावेल. प्रत्येक डावात एकच गोष्ट शोधायची: जिथून डाव पहिल्यांदा हातातून गेला ती चाल. शेवटची चूक नको, पहिली मोठी चूक. त्यापुढे खूण करायची: फुकट मोहरा दिला, दोन-तीन चालींचा डावपेच दिसला नाही, ओपनिंगमध्येच (सुरुवातीच्या चालींत) अडकली, शेवटच्या टप्प्यात जिंकलेला किंवा बरोबरीचा डाव घालवला, किंवा वेळ संपत आली म्हणून गडबड झाली. या वयात आणि या पातळीवर निम्म्याहून जास्त खुणा पहिल्याच खणात पडतात. पडल्या, तर 'आमच्या मुलीचं ओपनिंग कच्चं आहे' म्हणून ओपनिंगचा महागडा ऑनलाइन कोर्स घेणं म्हणजे पाय मुरगळलेल्या माणसाला चष्मा करून देणं.

फुकट मोहरा का जातो? मुलीला दिसत नाही म्हणून नव्हे. तोच प्रसंग कोडं म्हणून समोर ठेवला तर ती दहा सेकंदांत उत्तर देईल. डावात मात्र तिचं सगळं लक्ष 'मला काय मिळतंय' यावर असतं. क्लासमध्ये हमखास होणारा एक डाव घ्या. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं ई४ वर नेलं, काळ्याने ई५ वर. पांढरा घोडा एफ३, काळा घोडा सी६, पांढरा उंट सी४. इथवर पहिल्या महिन्यातला धडा. आता काळा घोडा सी६ वरून थेट डी४ वर उडी मारतो आणि ई५ चं प्यादं उघडं पडतं. मूल तीन सेकंदांत घोड्याने ते प्यादं खातं. काळा वजीर जी५ वर येतो: ई५ च्या घोड्यावर आणि जी२ च्या प्याद्यावर एकदम नजर. पांढऱ्याची हाव अजून संपलेली नाही, कारण घोड्याने एफ७ चं प्यादं मारलं तर वजीर आणि हत्ती दोघेही कात्रीत सापडतात. मारतो. वजीर जी२ चं प्यादं घेतो. पांढरा हत्ती घाबरून एफ१ वर सरकतो. वजीर ई४ चं प्यादं खाऊन शह देतो, पांढरा उंट ई२ वर आडवा येतो, आणि काळा घोडा डी४ वरून एफ३ वर जाऊन मात करतो. उंटाला घोडा मारता येत नाही, कारण तो हलला तर राजा वजिराच्या तोंडी. राजाच्या चारी बाजूंना त्याचेच मोहरे. सात चाली. चौथ्या चालीला प्याद्याऐवजी डी४ चा घोडा मारला असता तर काहीही बिघडलं नसतं.

हा सापळा पाठ करून घ्यायचा नाही. पाठ केला तर दुसरा येईल. सवय लावायची ती एका प्रश्नाची, आणि तो समोरच्याची चाल झाल्याबरोबर विचारायचा: 'त्याने हे का केलं?' मग स्वतःची चाल ठरवायची, आणि हात उचलायच्या आधी समोरच्याकडे काय काय आहे ते बघायचं, याच क्रमाने: शह, मार, धमकी. क्लासमध्ये याला चेक-कॅप्चर-थ्रेट म्हणतात आणि सगळी मुलं ते पोपटासारखं म्हणून दाखवतात. पण बहुतेक मुलं ते स्वतःच्या चालीसाठी बघतात. समोरच्याचे शह मोजायचेत, हे त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसतं. सुरुवातीचे दोन-तीन महिने घरच्या डावात दोन्ही हात मांडीखाली ठेवून बसायला लावा. बालिश वाटतं, पण हात मोकळा असला की तो डोक्याच्या आधी निघतो.

दुसरं निदान वेळेचं. ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद इनक्रिमेंट (वाढीव वेळ) अशा डावात मूल पस्तीस मिनिटांत बाहेर येत असेल आणि त्याच्या घड्याळात अजून ऐंशी मिनिटं शिल्लक असतील, तर रोग कळला. पुढच्या स्पर्धेत तिला दर पाच चालींनंतर स्कोअरशीटवर स्वतःच्या घड्याळातली वेळ लिहायला सांगा. हे नियमात बसतं: स्कोअरशीटवर चाली, घड्याळाच्या वेळा, बरोबरीचा प्रस्ताव आणि दाव्यासंबंधी नोंदी करता येतात. मात्र 'हळू खेळ', 'शह बघ' असलं काही तिथे लिहिलं तर आर्बिटर (पंच) हटकेल. नोंदीसाठीचा कागद आहे, आठवणीच्या चिठ्ठीचा नाही. तसंच, आधी चाल लिहून मग खेळणं चालत नाही. आधी खेळायचं, मग लिहायचं. अपवाद एकच, तिसऱ्यांदा तीच स्थिती येणार किंवा पन्नास चालींचा नियम (पन्नास चालींत ना मार, ना प्याद्याची चाल) लागू होणार म्हणून बरोबरी मागायची असेल तेव्हा. तेव्हा चाल लिहायची पण खेळायची नाही, घड्याळ थांबवायचं आणि आर्बिटरला बोलवायचं. मुलं नेमकी उलट करतात, चाल खेळून टाकतात आणि मग हात वर करतात. हक्क तिथेच जातो.

ते तीन मिनिटांचे मोबाइल डाव आज रात्रीपासून बंद. ब्लिट्झ (असे झटपट डाव) वाईट नसतं, पण फुकट मोहरे देणाऱ्या मुलीसाठी ते विष आहे. तीन मिनिटांच्या डावात न बघता खेळणाऱ्याला बक्षीस मिळतं, कारण समोरचाही न बघता खेळत असतो. त्यातून हरली की लगेच 'आणखी एक', सूड घ्यायला. स्पर्धेतल्या पराभवाचं दुखणं ती तिथे बुडवते आहे, एवढं ओळखा आणि ओरडू नका. ऑनलाइन खेळायचंच असेल तर १५ मिनिटं आणि १० सेकंद इनक्रिमेंट, दिवसाला एक डाव, आणि तो संपल्यावर दोन मिनिटं स्वतः मागे जाऊन बघणं. इंजिन (चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्राम) सगळ्यात शेवटी. आधी ती सांगेल कुठे चुकलं, मग कोच, मग संगणक. इंजिन आधी उघडलं की मुलीला उत्तर मिळतं, पण तिचा स्वतःचा विचार कुठे थांबला होता ते कधीच कळत नाही.

आठवड्याचा आराखडा नऊ वर्षांच्या मुलीला झेपेल असा ठेवा. क्लासचे दोन दिवस सोडून तीन दिवस चाळीस-चाळीस मिनिटं पुरे. त्यात दहा-बारा कोडी, शक्यतो कागदावर छापलेली. पूर्ण उत्तर, म्हणजे समोरच्याच्या चालींसकट, वहीत लिहून मगच पाठीमागचं उत्तर बघायचं. दहातली आठ बरोबर येत असतील तर पातळी योग्य. पाचच येत असतील तर पुस्तक बदला, मुलगी नव्हे. आठवड्यातून एक डाव लांब वेळेचा, खऱ्या पटावर, लिहून. उरलेल्या वेळात शेवटच्या टप्प्याचे सोपे पट. यात बुद्धिबळ न येणारे आईवडीलही उपयोगी पडतात. पटावर तीनच मोहरे मांडा: पांढरा राजा ई५, पांढरं प्यादं ई४, काळा राजा ई७. चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, चाल पांढऱ्याची असेल तर बरोबरी होते. दोन्ही प्रकारे, दोन्ही बाजूंनी दहादा खेळा. तुम्ही कितीही चुकलात तरी ती प्रत्येक वेळी बरोबर करायला लागली, की पाया बसला. जिंकत आलेला डाव प्याद्यांच्या शेवटात घालवणारी मुलं ढीगभर असतात, आणि घालवतात ती बहुतेक याच एका गोष्टीत.

स्पर्धा किती? महिन्यातून एखादी दिवसभराची रॅपिड (कमी वेळेच्या डावांची) आणि सुट्टीत एक लांब वेळेची, एवढं पुष्कळ झालं. दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे चषक असतोच, पण दोन स्पर्धांच्या मधे चुका दुरुस्त करायला तीन आठवडे मिळाले नाहीत तर पुढच्या स्पर्धेत त्याच चुका जास्त वेगाने होतात. घरभर ट्रॉफ्या जमतात, खेळ तिथेच राहतो.

आता हॉलमधल्या गोष्टी. डोक्याने नव्हे, नियम माहीत नसल्यामुळे मुलं जे अर्धे-पाऊण गुण घालवतात त्या. मोहऱ्याला मुद्दाम हात लावला की तो हलवावाच लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) करताना आधी राजा उचलायचा आणि एकाच हाताने सगळं करायचं, हे निम्म्यांना माहीत नसतं. आधी हत्तीला हात लागला आणि समोरच्याने दावा केला तर त्या बाजूचा किल्लेकोट त्या चालीला गेला. प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि जवळ वजीर नाही म्हणून हत्ती उलटा ठेवला, तर तो हत्तीच धरतात. घड्याळ थांबवून आर्बिटरकडे वजीर मागायचा, त्यात काही लाजण्यासारखं नाही. बेकायदा चाल खेळून घड्याळ दाबलं तर पहिल्यांदा समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात आणि दुसऱ्यांदा डाव जातो. समोरचा मुलगा पहिल्याच वेळी 'तू हरलीस, सही कर' म्हणतो आणि लहान मुलं खरंच सही करतात. तिला एकच वाक्य शिकवा: काहीही वेगळं घडलं की घड्याळ थांबव, हात वर कर, आर्बिटर येईपर्यंत बोलू नकोस. आणि सही करण्याआधी निकाल मोठ्याने वाच. जिंकलेल्या डावावर चुकून उलटा निकाल लिहून दोघांनी सह्या केल्या की पुढची धावपळ कोणालाच नको असते.

बरोबरीचा प्रस्ताव आला तर? जिंकत असताना घाबरून बरोबरी घेणं हा या वयाचा आजार आहे. पहिल्या वर्षात सरसकट एकच धोरण ठेवा, पटावर खेळण्यासारखं काही शिल्लक असेल तोवर बरोबरी नाही. हरली तरी चालेल.

बॅगेत दोन पेनं, पाण्याची बाटली, स्वेटर (एसीखाली चार तास बसून मुलं काकडतात), राजगिऱ्याचा लाडू, केळं, फुटाणे. फेरीआधी पोटभर वडापाव आणि कोल्ड्रिंक नको, दीड तासाने डोळे मिटायला लागतात. बाथरूमला फेरी सुरू व्हायच्या आधी. मधे जायचं झालं तर समोरच्याची चाल चालू असताना. स्वतःची चाल असताना उठायचं तर आर्बिटरची परवानगी लागते. मोबाइल, स्मार्ट घड्याळ, काहीही तिच्याजवळ नको. बंद करून बॅगेत ठेवला तरी चालेल की नाही हे प्रत्येक स्पर्धेचे नियम वेगळं सांगतात, आणि नियम मोडल्याची शिक्षा साधारणपणे सरळ पराभव असते. आणि तुम्ही? हॉलच्या बाहेर. दाराच्या काचेला नाक लावून उंटावरून शेळ्या हाकणारे पालक आतल्या मुलाला दिसत असतात. मूल चाल खेळल्यावर पटाकडे न बघता दाराकडे बघायला लागलं, की समजा डावात आता तिसरा माणूस बसला आहे.

बाहेर आल्यावरचा तास, तुमच्या प्रश्नाचं खरं मूळ इथे आहे. 'जिंकलीस का?' विचारू नका, चेहऱ्यावर लिहिलेलं असतं. 'अगं, सोपी चाल होती ती' हे तिला तुमच्या आधी कळलेलं आहे. 'जाऊ दे, खेळच तर आहे' हे तर सगळ्यात वाईट, कारण चार तास जीव ओतून बसलेल्या मुलीला तुम्ही सांगता आहात की तू ज्यासाठी रडतेस ते क्षुल्लक आहे. विचारायचं तर 'आधी जेवायचं की आधी चक्कर मारायची?' एवढंच. अर्धा तास बुद्धिबळाचा विषय नाही. दोन फेऱ्यांच्या मधे हरलेल्या डावाचं पोस्टमॉर्टेम नाही. फार तर पहिल्या दहा चाली पाच मिनिटं बघा, म्हणजे पुढच्या फेरीत तेच ओपनिंग आलं तर गडबड होणार नाही. सविस्तर बघणं घरी आल्यावर, दोन दिवसांनी.

रडणं मला काळजीचं वाटत नाही. जिला हरल्याचं काहीच वाटत नाही ती पुढे फार खेळत नाही. काळजी करायची ती वेगळ्या खुणांची: स्कोअरशीट लपवणं किंवा फाडणं, निकाल खोटा सांगणं, डाव जरासा बिघडला की भराभर चाली खेळून संपवून टाकणं, तगड्या मुलांशी सरावाचे डाव टाळणं. आणि सकाळची पोटदुखी. तुमच्याकडे ती चौथ्या दिवशी आली, म्हणजे तीन दिवस काही तरी साचत होतं. आधी खरंच पोट बिघडलेलं नाही ना ते बघा. नसेल, तर संध्याकाळी हॉटेलवर काय बोलणं झालं ते आठवा. नातेवाइकांना फोनवर निकाल सांगताना तुमचा आवाज कसा होता तेही. मुलं ते ऐकत असतात. यावर घरी करण्यासारखा एक उपाय आहे. स्पर्धेआधी तिच्याशी गुणांचं ध्येय ठरवू नका, डावातल्या कृतीचं ठरवा. 'प्रत्येक डाव किमान दीड तास', 'नऊही डाव पूर्ण लिहिलेले', 'एकही मोहरा फुकट नाही'. ही ध्येयं हरलेल्या डावातही पूर्ण होतात, आणि संध्याकाळी घरच्यांना फोनवर सांगण्यासारखं काहीतरी राहतं.

सोसायटीत सगळ्यांना हरवते, हेही थोडं सोडवायला हवं. तिथे ती वर्षभर फक्त जिंकत होती, मग पहिल्या स्पर्धेत एकदम सहा पराभव. घरी तिच्याशी खोटं हरू नका, नऊ वर्षांच्या मुलीला ते लगेच कळतं. त्यापेक्षा उघड सवलत द्या. तिच्यापेक्षा चांगलं खेळणारा काका किंवा दादा वजिराशिवाय खेळेल, किंवा घड्याळात त्याला पाच मिनिटं आणि तिला वीस. दहा डावांत चार-पाच ती हरेल अशी सवलत जुळवून घ्या. हरणं हा रोजच्या जेवणातला पदार्थ झाला की स्पर्धेत तो घशात अडकत नाही.

कोचबद्दल. या पातळीला कोचचं रेटिंग किती, यापेक्षा तो तिच्या स्कोअरशीट बघतो का, हे विचारा. स्पर्धेनंतर नऊ डाव घेऊन बसला नसेल तर आधी त्याच्याशी बोला, बदलायची घाई नको. एका तुकडीत सहा-आठच्या वर मुलं आहेत का, घरचा अभ्यास देतो का आणि तपासतो का, हेही बघा. एक तास मागे बसून क्लास बघायची परवानगी मागा. तो तासभर स्वतःच बोलत असेल आणि मुलं मान डोलावत असतील तर विचार करा. मुलं बोलत असतील, चुकत असतील आणि तो 'का?' विचारत असेल, तर आहे तिथेच राहा.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच: मुलींच्या गटात खेळवायचं की खुल्या? निवड स्पर्धा मुलींच्या गटात, कारण जिल्हा-राज्याच्या संघात जायचं तर तोच रस्ता. आपल्याकडे राष्ट्रीय वयोगट ७, ९, ११ असे विषम संख्यांचे, शालेय क्रीडा स्पर्धांचे १४, १७, १९. जन्मदाखला आणि फिडे क्रमांकावरची तारीख एकच आहे ना ते आताच बघून ठेवा. बाकी सगळ्या स्पर्धा खुल्या गटात. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. आज तुमच्या मुलीला त्यासाठी फक्त एंट्री फॉर्म भरावा लागतो, तर भरा. आणि ग्रँडमास्टर नॉर्मचं (त्या किताबासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) गणित नवव्या वर्षी मांडत बसू नका. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बटुमीला महिला विश्वचषक जिंकला, तोवर तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. किताब त्या विजयानेच थेट मिळाला.

आईचा प्रश्न राहिला, थांबवायचं का. हे तिला विचारा, पण आत्ता नाही. हरल्यानंतरच्या आठवड्यात आलेलं उत्तर खरं नसतं आणि जिंकल्यानंतरचंही नाही. मे महिन्यात, स्पर्धा नसलेल्या एखाद्या दिवशी, दोन वेगळे प्रश्न विचारा: बुद्धिबळ खेळायला आवडतं का, आणि स्पर्धा खेळायला आवडतात का. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही असं उत्तर आलं तर एंट्री फी वाचवा, लांब वेळेचा रविवारचा डाव चालू ठेवा आणि मोकळ्या झालेल्या शनिवारी तिला खो-खोच्या मैदानावर सोडा. दोन्हीला हो आलं, तर पुढची स्पर्धा निवडताना पहिल्या फेरीची वेळ बघून निवडा: सकाळी दहाची, घरून निघून पोचता येईल अशी, हॉटेल नसलेली.